हळू, अंडी आहेत

माझगावला, तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून
आई दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची.
खाली मुस्तकीम पाववाला, वर मी, पोट टेकून वाकलेला.
दोरी तळहातातून कशी सरकू द्यायची ते तिनंच दाखवलं,
घाई केलीस तर सालपटं निघतील, म्हणाली,
आणि वर ओढताना दर वेळी, न चुकता:
हळू, अंडी आहेत.

नौदलाला हेच शिकवायला दीड वर्ष लागलं.

कुलाब्याच्या टोकाशी आमचा तळ.
पलीकडे समुद्र, अलीकडे सरकारी कावळे.
छातीवर पंख साहेबांच्या, तसे माझ्याही,
तरी शेजारच्या खोत मावशींना अजून वाटतं
मी विमानात चहा देतो.
सांगून पाहिलं. मग म्हटलं, हो, देतो.

उघड्या दारात पालथं पडायचं.
पट्ट्याचं एक टोक कमरेला, दुसरं फरशीतल्या कडीला.
पायलटला स्वतःच्या पोटाखालचं काही दिसत नाही,
अहलावत साहेबांना समुद्र माझ्या तोंडून कळतो:
फॉरवर्ड फाइव्ह. फोर. थ्री.
लेफ्ट टू. स्टेडी.
नऊ टनांचं धूड जिभेच्या टोकावर तोलायचं
आणि आवाज हलू द्यायचा नाही.
डावा कान त्यातच गेला. बायको आता उजवीकडून बोलते,
भांडायचं असेल तर मुद्दाम डावीकडून.

त्या ऑगस्टात प्राँग्जच्या दीपगृहापलीकडे
एक बार्ज कलंडली. वर नऊ माणसं.
बिस्वाल केबलला लटकून खाली गेला,
ओडिशाचा पोरगा, उतरताना डोळे मिटतो, पाण्यात उघडतो.
हूक आधी पाण्याला टेकू द्यावा लागतो.
पंख्यानं साठवलेली वीज समुद्राला देऊन टाकायची,
मगच माणसाला शिवायचं,
नाहीतर वाचवायला आलेलाच झटका देतो.

सात आले. कुणी रडत, कुणी नुसता खोकत,
एकजण चपलेबद्दल विचारत होता.
आठवा बार्जवरचा भंडारी, पन्नाशीचा,
काखेत पत्र्याचा डबा. सोडेना.
बिस्वालनं अंगठा वर केला, असू दे म्हणून.
केबल ताणली. हातमोज्यातून तिचा कंप
कोपरापर्यंत आला, आणि वाऱ्यानं तो माणूस
गोल गोल फिरू लागला, डबा छातीशी धरून.
इंटरकॉमवर माझ्या तोंडून निघालं:
हळू, अंडी आहेत.

से अगेन? साहेब म्हणाले.
स्टेडी, मी म्हणालो. स्टेडी, सर.

डब्यात काय होतं, विचारलं नाही.

मग नवव्यासाठी केबल पुन्हा सोडली.
बिस्वाल तीनदा बुडी मारून आला.
इंधनाचा काटा बघून साहेब काही बोलले नाहीत,
म्हणजे काय ते आम्हाला कळलं.
बिस्वालला वर घेतलं. त्याच्या शेजारचा पट्टा
रिकामा आला, हलका, वाऱ्यावर हेलकावत,
पाव संपलेत म्हणून पिशवी परत यावी तसा.

पेपरात साहेबांचं नाव होतं, फोटोही.
खाली: व अन्य कर्मचारी.
आईनं ते कात्रण गीतेच्या पोथीत ठेवलं,
अन्य या शब्दाखाली पेनानं रेघ मारून.

परवा रजेवर घरी गेलो. लिफ्ट बसवलीय आता,
पण ती दोरीच सोडते. लिफ्टला विजेचं बिल, म्हणते.
मी दुकानातून येत होतो, तर म्हणाली थांब तिथंच.
पहिल्यांदाच खालून बघत होतो.
वरचा चेहरा आभाळापुढे काळा, ओळखू येत नाही,
दिसतो तो फक्त हात.
पिशवी फरशीला लागली.
टेकली का?
टेकली.
सहा अंडी ठेवली, वर पाव, गाठ तपासली.
तिनं ओढायला सुरुवात केली, आणि तोंडाशी आलेले शब्द
मी गिळले.
तिला खालचं दिसत होतं.